सतरा चुलींचं कुरण

थर्लकोट
१२ ऑक्टोबर १९७२

रूब,

तेवीस नाताळांना तुझी तेवीस कार्डं आली, प्रत्येकावर एकच शब्द: रूबेन. मीही तुला तेवढंच पाठवत आले. तेव्हा आज पाकीट जाड लागलं म्हणून दचकू नकोस. घरातलं कोणी गेलेलं नाही. जाण्यासारखं कोणी उरलेलंच नाही, मी सोडून.

गेले ते आमचे पाद्री. बिचारे अकरा वर्षं थर्लकोटचा इतिहास लिहीत होते आणि आठव्या हेन्रीच्या लग्नांपर्यंत येऊन ईस्टरच्या आठवड्यात वारले. त्यांची कागदांची पेटी महिला मंडळाच्या बैठकीत टेबलावर ठेवली, तेव्हा सगळ्या बायका छताकडे बघायला लागल्या. शेवटी ट्रॉटमनबाई (हो, अजून आहेत, एक्याऐंशीच्या झाल्या, बहिऱ्या झाल्या, तोंड मात्र तसंच आहे) म्हणाल्या, "हेस्टरला द्या. तिचं अक्षर चांगलं आहे. आणि या गावाचा इतिहास लिहायला असा वेळ तो किती लागणार? घडलंय काय इथं?"

तर गावाचा इतिहास शाळेच्या स्वयंपाकिणीच्या हातात आला. दोन वाजता माझी भांडी आटपतात, दोन-दहाला ग्लॉस्टरची बस असते. दर बुधवारी मी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊन बसते. पहिल्यांदा गेले तेव्हा हाताला कांद्याचा वास येत होता, म्हणून मी हात मांडीवर झाकून बसले. आता तिथली मुलगी माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवते आणि जुनी वळणं कशी वाचायची ते शिकवते. सोळाव्या शतकातला 's' बघशील तर तुला वाटेल बेडूक चिरडलाय.

घडलंय पुष्कळ, रूब. प्लेगात अकरा माणसं गेली, त्यांत पाच आपले निब्लेट. सैनिकांनी आपल्या चर्चमध्ये घोडे बांधले होते. आणि १६१२ मध्ये जोन पेग्लर नावाच्या बाईनं सरदाराच्या कारभाऱ्याला दंताळ्यानं झोडपलं, कारण त्यानं आपले बैल गवत कापायच्या आधीच नदीकाठच्या कुरणात सोडले होते. तिला न्यायसभेत उभी केली. लेखनिकानं लिहिलंय: 'विचारले असता म्हणाली, पुन्हा सोडले तर पुन्हा मारीन.' हे वाचून मी त्या शांत खोलीत मोठ्यानं हसले आणि सगळ्यांनी माना वर केल्या.

आता मुद्द्याचं. म्हाताऱ्या कर्नलचा पुतण्या जाईल्स हार्कनेस आता इस्टेटीचा मालक आहे. त्याला ते कुरण खणायचंय. नवा मोटारमार्ग होतोय, त्याला खडी हवी, आणि आपल्या कुरणाखाली तीस फूट खडी आहे म्हणे. गावानं तीन वर्षांपूर्वी ते कुरण गायरान म्हणून सरकारी नोंदीत घातलं. त्यानं हरकत घेतली. येत्या मार्चमध्ये लंडनहून आयुक्त येऊन दोन्ही बाजू ऐकणार आहेत.

१९४९ चा तो कागद त्यांच्या बॅरिस्टरकडे आहे. तुला आठवत असेलच: 'थर्लकोटचे रहिवासी नदीकाठच्या कुरणात गवत कापतात ते हार्कनेस घराण्याच्या मेहेरबानीने, तो त्यांचा हक्क नव्हे.' खाली बाबांची सही. बाबा कुरणाचे राखणदार, म्हणून त्यांचा शब्द तो गावाचा शब्द. त्या कागदावरून तू बाबांना काय बोललास आणि कसा निघून गेलास, ते मी उकरून काढत नाही. मला एवढंच हवंय: तिथल्या एखाद्या वकिलासमोर बसून शपथेवर लिहून दे की शेवटची पाच वर्षं कुरणाचे पट्टे वाटताना पिशवीतून आपल्या घरची खूण असलेली चकती तू स्वतः उचललीस, गवत तू स्वतः कापलंस आणि कोणाची परवानगी विचारली नाहीस. आयुक्तांच्या कचेरीचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

तिकडे कॅनडात, अल्बर्टा प्रांतात, आत्तापासून बर्फ पडतो का? इथे सफरचंदं अजून झाडावर आहेत.

हेस्टर


३ डिसेंबर १९७२

रूब,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी. 'सही बाबांची होती. निस्तरायचं होतं ते त्यांनी निस्तरायला हवं होतं.'

बाबा चौदा वर्षांपूर्वी गेले. मी तुला तार केली होती, तुला मिळाली होती. मेलेल्या माणसानं काय निस्तरायचं ते एकदा नीट कळव, म्हणजे मी चर्चमागे जाऊन त्यांना सांगून येते.

राग आला म्हणून लिहिलं, पण खोडत नाही. शाई महाग झाली म्हणून नव्हे.

आता बातमी ऐक. ऐकायची नसेल तरी ऐक, कारण दुसऱ्या कोणाला सांगून मला एवढा आनंद होणार नाही. परवाच्या बुधवारी त्या मुलीनं माझ्यासमोर एक गुंडाळी आणून ठेवली, चामड्याची, आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलाएवढी लांब. १७९७ साली सगळ्या गावची शेतं मोजून, कुंपणं घालून वाटली गेली, त्याचा मूळ निवाडा. आपल्या गावाकडची प्रत शंभर वर्षांपूर्वी हरवली होती. ही सरकारी लेखनिकाची. कोणी उघडलीच नव्हती. मी एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेले. हार्कनेसांना हे, पाद्र्यांना ते, पेग्लरला वर्षानुवर्षं शिव्या घालायला लावणारा तो दगडाळ तुकडा. आणि मग हे आलं:

'लीन नदीकाठचे कुरण कोणाच्याही वाट्यास न जाता, थर्लकोटातील सतरा जुन्या चुलींपाशी जे कोणी राहतील, त्यांजकडे आहे तसेच सदासर्वकाळ राहील.'

मी ते तीनदा वाचलं. मग त्या मुलीला वाचायला लावलं. ती पण तिसऱ्यांदा वाचून थांबली आणि म्हणाली, "मिस निब्लेट, हे तुमचंच की."

बसमधून येताना मी शहाण्यासारखी गप्प बसले होते. गावात उतरल्यावर सरळ अल्बर्ट पेग्लरच्या गराजमध्ये गेले. तो कोणाच्या तरी गाडीखाली होता, नुसते पाय बाहेर. अल्बर्ट आता गावसभेचा अध्यक्ष आहे. मी त्याच्या पायांनाच वाचून दाखवलं. पाय हलायचे थांबले. मग आतून आवाज आला, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. तो बाहेर सरकत आला, तोंड काळंकुट्ट, आणि मला तसाच मिठी मारायला निघाला. मी म्हटलं, "आधी हात धू."

पण नंतर तोच म्हणाला, "हेस, हा निवाडा पावणेदोनशे वर्षांचा. तुझ्या बाबांचा कागद तेवीस वर्षांचा. ते म्हणणार, हक्क असेल तेव्हा, पण तुमच्याच राखणदारानं तो नव्हता असं लिहून दिलंय. मग?"

मग. तो 'मग' घेऊन मी घरी आले.

हेस्टर


१८ फेब्रुवारी १९७३

रूब,

हे पत्र मी चार वेळा फाडलंय. हे फाडणार नाही.

मी जो इतिहास लिहिलाय तो आता एकशे दहा पानांचा झाला. काल रात्रीच्या जेवणाआधी पहिल्यापासून वाचला. १९४५ ला युद्ध संपतं, घंटा वाजतात. पुढच्या ओळीत १९५३, राणीचा राज्याभिषेक, शाळेच्या अंगणात चहा. मधली आठ वर्षं थर्लकोटमध्ये काहीच घडलं नाही. अशी लबाडी मी केलीय, आणि जोन पेग्लरबद्दल मात्र दोन पानं लिहिलीत.

तर १९४९.

मी कर्नलच्या घरी स्वयंपाकाला होते, तुला माहीत आहे. ऑक्टोबरात एका सकाळी कर्नल स्वयंपाकघरात आले. ते कधी तिथे येत नसत. कुरणाला कुंपण घालून त्यांना महिना झाला होता आणि गावात कुरबूर चालू होती.

"तुझी आई कशी आहे, हेस्टर?"

"खोकला आहे, साहेब. डॉक्टर म्हणतात, हिला हलवू नका."

"बरोबर आहे. थंडीत घर बदलायची पाळी येणं वाईटच."

एवढंच. आवाज चढवला नाही. आपलं घर त्यांचं होतं, हे सांगायची त्यांना गरज नव्हती. मग म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे म्हणतात," आणि कागद पुढे सरकवला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. रस्सा उकळत होता. तो कागद माझ्या हातचा आहे, रूब. प्रत्येक शब्द. बाबांना आपलं नाव सोडून काय लिहिता येत होतं? तुला कधी शंका आली नाही?

घरी येऊन मी तो बाबांपुढे ठेवला. त्यांनी अक्षर ओळखलं.

"हे खरं आहे का, हेस?"

"नाही."

"मग?"

"मग आई."

चहा गार झाला, मी दुसरा केला, तोही गार झाला. मी पेन त्यांच्या हातात दिलं. मी, रूब. त्यांनी मागितलं नव्हतं. सही केल्यावर ते उठले, खुंटीवरची ती पिशवी काढली आणि कुरणाच्या सतरा लाकडी चकत्या एकेक करून शेगडीत टाकल्या. प्रत्येकीवर कोरलेल्या घराच्या खुणेचं नाव घेऊन. कावळ्याचा पाय. शिडी. तीन टिंबं. बगळ्याची मान. आपली कुऱ्हाड सगळ्यांत शेवटी.

दुसऱ्या दिवशी तुला गावात कळलं. तू दारातूनच ओरडलास, "सतरा घरांचं होतं ते तुम्ही एकट्यानं विकलंत!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तुझ्या लक्षात आलं असतं, म्हणून. त्यांनी नुसती मान खाली घातली. मी पाठमोरी बशी घासत होते. एकच बशी, तू बोलत होतास तेवढा वेळ.

आई फेब्रुवारीत गेली, आपल्याच खोलीत, आपल्याच पलंगावर. तेवढं त्या कागदानं मिळालं. पुन्हा तीच सकाळ आली तर मी काय करीन, हे मला खरंच सांगता येत नाही. पण बाबांना तू चोवीस वर्षं ज्यासाठी दोषी धरलंस ते माझं होतं. त्यांनी ते आपल्या अंगावर घेतलं आणि तसेच गेले. मरायच्या आदल्या आठवड्यात मी म्हटलं, "रूबला खरं लिहू का?" तर म्हणाले, "तो लांब आहे. घरचं एक तरी माणूस आपलं आहे असं त्याला वाटू दे."

आधी का नाही सांगितलंस, विचारशील. मी खूप कारणं गोळा करून ठेवली होती. ती सगळी खोटी. मला दर नाताळला ते कार्ड यायला हवं होतं, हे खरं.

सुनावणी एकवीस मार्चला आहे. त्यांचा बॅरिस्टर तो कागद काढील. तेव्हा मी उभी राहणार आणि आत्ता तुला सांगितलं तेच सगळ्या गावासमोर सांगणार. अल्बर्टला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं.

शपथपत्राचं आता मागत नाही. तुला लिहायचं नसेल तर नको लिहूस. कार्डही नको पाठवूस, वाटलं तर.

हेस्टर


२२ मार्च १९७३

रूब! गाढवा!

क्रमानं सांगते, नाहीतर तुला पूर्ण मजा येणार नाही.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. मोठ्या खुर्च्या कमी पडल्या, म्हणून अर्धा गाव पाच वर्षांच्या पोरांच्या खुर्च्यांवर गुडघे कानाशी घेऊन बसला होता. आयुक्त म्हणजे एक बारीक, सर्दी झालेले गृहस्थ. पोरांनी खिडकीला चिकटवलेल्या कागदी फुलांखाली ते बसले, आणि साक्षीदार असूनही सकाळी सहापासून भट्टी पेटवून मी सगळ्यांसाठी चहाबरोबरचे गरम स्कोन केले होते. जाईल्स हार्कनेस पहिल्या रांगेत, चकचकीत बूट. त्याच्याशेजारी त्याचा बॅरिस्टर, उंच, गोड आवाजाचा.

अल्बर्टनं निवाडा वाचला. घाबरून फार भराभर वाचला, आयुक्तांनी पुन्हा वाचायला लावला. मग बॅरिस्टर उठला आणि म्हणाला, "उत्तम. आता हा कागद पाहावा." कागद फिरला. बाबांची सही बघून मागच्या रांगेत कुजबूज झाली. काही लोकांनी माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. चोवीस वर्षं ते असंच करत आलेत, माझ्यावर दया म्हणून. ते मला जास्त लागायचं.

मी उभी राहिले.

म्हटलं, "साहेब, हा कागद मी लिहिलाय. वडिलांनी नाही." आणि सगळं सांगितलं. रस्सा, खोकला, 'थंडीत घर बदलायची पाळी', पेन.

बॅरिस्टर म्हणाला, "म्हणजे मिस निब्लेट, तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत. मग आज तुम्ही खरं बोलताय, हे आम्ही कशावरून मानायचं?"

"तेव्हा मला भीती होती, साहेब. आई होती, घर होतं. आज माझ्याकडून काढून घेण्यासारखं काय आहे तुमच्याकडे?"

मागून कोणी तरी जमिनीवर पाय आपटला. मग आणखी कोणी. आयुक्तांनी नाक शिंकरलं आणि शांत व्हा म्हणाले.

बॅरिस्टरनं हार मानली नाही. म्हणाला, "कागद राहू द्या. पण १९४९ पासून कुंपण आहे आणि या कुरणात गावातल्या कोणी पाऊल टाकलेलं नाही. न वापरलेला हक्क हे लोक सोडूनच बसलेत." तेव्हा ट्रॉटमनबाई उठल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आपल्याला बोलावलं असं त्यांना ऐकू आलं असणार.

"मी जाते," त्या म्हणाल्या.

"कुठे, बाई?"

"कुरणात. दर एक ऑगस्टला. माझी बदकं घेऊन. गवत निघालं की एक ऑगस्टपासून गावची जनावरं आत, तसा नियमच आहे. माझ्याकडे गाय नाही, बदकं आहेत. कुंपणाला खालच्या बाजूला भोक आहे."

"भोक कोणी पाडलं?"

"मी."

हॉल फुटला. आयुक्तांनी पेन ठेवलं. बॅरिस्टर गोड आवाजात म्हणाला, "मालकांच्या रखवालदारानं तुम्हाला कधी हटकलं नाही?"

"हटकलं असेल. मला ऐकू येत नाही."

"चोवीस वर्षांपूर्वीपासून ऐकू येत नाही?"

"नेहमी नाही," ट्रॉटमनबाई म्हणाल्या. "एक ऑगस्टला जास्त."

रूब, जाईल्स हार्कनेससुद्धा हसला. मी पाहिलं. चोवीस वर्षं ही बाई दरसाल सहा-सात बदकं हाकत त्या भोकातून आत जात होती आणि आपण सगळे कुरण गेलं म्हणून रडत होतो! मी तिच्याच सांगण्यावरून गावाचा इतिहास लिहीत होते आणि तिनं मला हे कधी सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं, तर म्हणाली, "तू जुनं लिहितेस म्हणालीस. हे दरवर्षीचं."

आणि मग. मला वाटलं संपलं. आयुक्तांनी आपल्या फाइलमधून निळं विमान-टपालाचं पाकीट काढलं. "माझ्याकडे थेट आलेलं आणखी एक शपथपत्र आहे. कॅनडाहून. रूबेन निब्लेट यांचं."

मी त्या चिमुकल्या खुर्चीवर खालीच बसले.

त्यांनी सर्दीच्या आवाजात सगळं वाचलं. पाच वर्षं तू चर्चच्या ओसरीत चकती उचललीस, एकदा आपली कुऱ्हाडीची चकती कोपऱ्यातल्या दलदलीच्या पट्ट्यावर पडली आणि तू कंबरभर चिखलात उभं राहून गवत कापलंस, परवानगी विचारली नाहीस, कारण 'विचारायची असते हे मला माहीतच नव्हतं'. आणि शेवटचं वाक्य. ते मला पाठ आहे. 'माझे वडील एली निब्लेट आयुष्यात एकदाच खोटे बोलले, आणि ते दुसऱ्यासाठी. हे मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते.'

हॉलमधले म्हातारे एकेक करून उभे राहायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. अल्बर्टचा काका म्हणाला, "आमची शिडी." मिलच्या घरातली बाई म्हणाली, "तीन टिंबं." "बगळ्याची मान." "कावळ्याचा पाय," हे ट्रॉटमनबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की बॅरिस्टर दचकला. बाबांनी जाळताना जी नावं घेतली होती, ती सगळी जिवंत माणसांच्या तोंडून येत होती. कुऱ्हाड मी म्हटलं. मला वाटतं, म्हटलं. त्या वेळी मला धड दिसत नव्हतं.

मला एक ओळ न लिहिता सरकारला लिहितोस! चार आठवडे मी रोज टपालवाल्याच्या तोंडाकडे बघत होते.

निकाल लेखी येणार आहे, दोनेक महिन्यांत. स्कोन एकही उरला नाही. बॅरिस्टरनं दोन खाल्ले.

तुझी,
हेस


१४ मे १९७३

रूब,

जिंकलो.

गेल्या सोमवारी सकाळी पावणेअकराला अल्बर्ट शाळेच्या स्वयंपाकघरात धावत आला, हातात लांब पाकीट. मी एक्केचाळीस पोरांचे बटाटे सोलत होते. म्हणाला, "तू वाच, माझा चष्मा गराजमध्ये राहिला." माझे हात ओले होते. शेवटी मोठ्या वर्गातल्या मास्तरीणबाईंना बोलावलं आणि त्यांनी बटाट्यांच्या ढिगापाशी उभं राहून वाचलं. सात पानं आहेत. तुला सगळ्याची नक्कल पाठवतेय, पण हे इथेच वाच:

'जे एली निब्लेट यांचे एकट्याचे कधीच नव्हते, ते त्यांना एका सहीने देऊन टाकता येणे शक्य नव्हते. भीतीपोटी लिहून घेतलेल्या कागदाने सतरा घरांचा हक्क बुडत नाही. नोंद कायम करण्यात येत आहे.'

म्हणजे ऐक, रूब. बाबांनी गाव विकलं नाही, कारण ते विकलं जाणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी तो कागद म्हणजे नुसता कागद होता. कर्नलला ते ठाऊक असणार. आपल्याला नव्हतं.

अल्बर्टनं माझ्या हातातलं सोलाणं काढून घेतलं आणि मला गरागरा फिरवलं. पोरांना जेवण वीस मिनिटं उशिरा मिळालं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, असं मास्तरीणबाई म्हणाल्या. संध्याकाळी घंटा वाजवल्या. सहा घंटांना आता पाचच वाजवणारे आहेत, तर सहाव्या दोरीला मी लटकले. मला येत नाही. कोणाला पर्वा होती!

दुसऱ्या दिवशी जाईल्स हार्कनेस आला. दाराबाहेरच उभा राहिला, टोपी हातात.

"काकांनी तुमच्याशी असं केलं, हे मला माहीत नव्हतं, मिस निब्लेट."

मी म्हणू शकले असते की जाऊ द्या, झालं गेलं. नाही म्हटलं. म्हटलं, "आता माहीत झालं."

त्यानं टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "कुंपण मी काढून टाकीन."

"नको," मी म्हटलं. "ते आम्ही काढणार. लोक कालपासून भांडतायत पहिला खांब कोणी उपटायचा त्यावरून."

पहिला खांब ट्रॉटमनबाईंनी उपटला. म्हणजे अल्बर्टनं सैल करून ठेवला होता, त्यांनी हात लावला आणि तो पडला. त्या म्हणाल्या, "हल्लीची लाकडं काही खरी नाहीत."

इतिहासही पुरा झाला. १९४५ आणि १९५३ च्या मध्ये आता पाच पानं आहेत, माझ्या नावानिशी. महिला मंडळात वाचून दाखवली. मग ट्रॉटमनबाई म्हणाल्या, "प्लेगाला चार ओळी आणि स्वतःला पाच पानं!" आणि सगळ्या हसत सुटल्या, मी सगळ्यांत जास्त. हसता हसता कोणी तरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

तुझं अकरा पानांचं पत्र मी उशीखाली ठेवलंय. बाबांच्या थडग्यावर ते वाचून दाखव म्हणालास. दाखवणार नाही. ते तू स्वतः येऊन वाच. त्यांना माझा आवाज ऐकून कंटाळा आलाय.

हेस


४ जुलै १९७३
(लंडनच्या पत्त्यावर)

रूब,

उतरलास म्हणे सुखरूप! तुझी तार अल्बर्टच्या बायकोनं कुरणात पळत आणून दिली. हे तुला उद्या सकाळी मिळेल, म्हणून थोडक्यात लिहिते. बसून लिहायला वेळ नाही. हे गवताच्या गंजीला टेकून लिहितेय, पेन्सिलीनं.

गेल्या पंचवीस तारखेला चर्चच्या ओसरीत चकत्या काढल्या. अल्बर्टनं सफरचंदाच्या लाकडाच्या नव्या केल्यात, सतराच्या सतरा. आपली कुऱ्हाड नदीच्या वळणावरच्या पट्ट्यात पडली, सगळ्यांत दाट गवत. चोवीस वर्षं नांगर नाही, खत नाही. कमरेइतकं वाढलंय, आणि आत पांढरी फुलं एवढी की कापताना जीव कचरतो. लांब दांड्याचा विळा मी पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर चालवला. पहिली ओळ वाकडी गेली. दुसरी सरळ. तिसरीला अल्बर्टच्या काकानं थांबून बघितलं आणि म्हणाला, "एलीची मुलगी." बस, एवढंच.

काल दिवसभर सगळं गाव इथे होतं. पाव, चीज, सायडरचा घडा, तान्ही पोरं गवतावर निजलेली. जी मुलं कुंपणाच्या बाहेरूनच मोठी झाली, ती नदीपर्यंत धावत जाऊन परत येत होती, नुसतीच, पुन्हा पुन्हा. सूर्य मावळल्यावरही कोणी घरी जायला तयार नव्हतं. मी मधोमध उभी राहून मोठ्यानं ओरडले. शब्द काही नव्हता. लोकांनी बघितलं आणि तेही ओरडले.

आता काम ऐक. पॅडिंग्टनहून नऊ-पंधराची गाडी घे, ग्लॉस्टरला अल्बर्ट ट्रक घेऊन उभा असेल. कोट-टाय घालू नकोस, जुना सदरा घाल आणि बूट असे आण की भिजले तरी चालतील. आपला पट्टा कापून झालाय, पण गवत वाळायला उलटायचं राहिलंय, आणि रेडिओवर शनिवारी पाऊस सांगितलाय. रडायचं, भेटायचं, बाबांकडे जायचं, ते सगळं रविवारी. आधी गवत. एक दंताळं तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय आणि ते ट्रॉटमनबाईंनी पळवू नये म्हणून मी त्यावर बसलेय.

लवकर ये.

हेस